गिटारचा ॲम्प्लिफायर निवडताना

आळे म्हणजे रेड्याच्या समाधीचं गाव. ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद बोलविले, ही कथा इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे आवाज मूळचा कुणाचा आणि तो बाहेर कुणाच्या तोंडून येतो, हा प्रश्न तुम्हाला नवा नाही. आजचा विषय त्याच प्रश्नाचा आहे, फक्त तोंड वेगळं : गिटारचा ॲम्प्लिफायर.

परवा एका मुलाने मला विचारलं, "सर, पहिल्या नोकरीचे पैसे साठवलेत. ब्लूज आणि जुना रॉक वाजवायचाय. 100 वॅटचा ॲम्प घेऊ का?" मी म्हटलं, "थांब जरा." का थांब म्हटलं, ते आज सांगतो.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना असलेली ही रेडिओ दुर्बीण तुम्ही पाहिलीच असेल. आकाशातून येणारा अतिक्षीण संकेत तिथेही ॲम्प्लिफायरच वाढवतो. त्याला सक्त ताकीद असते : आलंय ते मोठं कर, स्वतःचं काही मिसळू नकोस. आपल्याला वाटतं, ॲम्प्लिफायर म्हणजे एवढंच. ब्लूजच्या गिटारला मात्र मिसळणाराच ॲम्प लागतो.

मिसळणारा म्हणजे काय? तंबोऱ्याची जवारी आठवा. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासून घासून असा आकार देतो, की तार तिला निसटती घासत राहते. वर सुताचा धागा सरकवला की स्वयंभू स्वर उमलतात. तार नुसती मोकळी सुटली असती, तर आवाज स्वच्छ आला असता, पण कोरडा. व्हॉल्व्हचा ॲम्प हेच काम विजेने करतो. त्याच्या ताकदीबाहेरचा संकेत आला की लहरीचा माथा दबतो, चपटा होतो. त्या दबण्यातून मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर जन्मतात. आपण म्हणतो, 'आवाज फाटला'. गंमत अशी, की हळू छेडलं तर तो फाटत नाही आणि जोरात छेडलं तर फाटतो. म्हणजे बोटाचा राग-लोभ आवाजात उतरतो. ब्लूजचा जीव तिथे आहे.

हे कुणी ठरवून केलेलं नाही बरं का. अमेरिकेत फेंडर कंपनीने 'बासमन' हा ॲम्प बास गिटारसाठी काढला होता. साध्या गिटारवाल्यांनी तो उचलला आणि पार टोकापर्यंत फिरवला. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात त्याच आराखड्यावरून 'जेटीएम 45' तयार झाला. पुढे 1966मध्ये जॉन मेयॉल यांच्या तबकडीत एरिक क्लॅप्टन यांनी मार्शलचा ॲम्प जोरात लावून वाजवला, आणि दोष मानला गेलेला आवाज एका पिढीचा आदर्श झाला.

आता वॅटकडे येऊ. वॅट दहापट झाले, तर कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. म्हणजे 100 वॅटचा ॲम्प 10 वॅटच्या दहापट मोठा नाही, फक्त दुप्पट. पण त्याचा फाटण्याचा बिंदू तितकाच लांब जातो. दहा बाय दहाच्या खोलीत तुम्ही त्या बिंदूपर्यंत पोचूच शकत नाही, आणि पोचलात तर शेजारी पोचतात. काही ॲम्पना 'गेन' आणि 'मास्टर' अशी वेगळी बटणं असतात, त्यामुळे कमी आवाजातही पहिला टप्पा फाटतो. त्याने बरंच भागतं, पण शेवटच्या टप्प्याची आणि स्पीकरची लवचीक दाद त्यात पूर्ण येत नाही.

मी स्वतः हीच चूक केली. वर्गात तर्कशास्त्र शिकवायचो आणि घरी बंद खोलीत जुना 100 वॅटचा ॲम्प लावून बसायचो. आज डाव्या कानात कायमचा रातकिडा आहे. हिशोब साधा आहे : 85 डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. 100 डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. कानाला दुरुस्ती नाही, मंडळी.

तेव्हा माझा सल्ला. घर आणि छोटं सभागृह एवढंच असेल, तर 5 ते 20 वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प पुष्कळ झाला. फेंडरचा 'ब्लूज ज्युनियर' 15 वॅटचा आहे. 12 इंची स्पीकर असेल तर उत्तम. व्हॉल्व्ह मात्र नाजूक प्रकरण आहे. स्पीकर न जोडता तो कधीही चालू करू नका. प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठून राहतात, म्हणून पेचकस घेऊन उघडू नका. अमेरिकेतून कुणी 120 व्होल्टचा आणला, तर तो थेट आपल्या 230 व्होल्टला लावू नका. आणि गुरगुर थांबावी म्हणून अर्थिंगची पिन तोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

एवढी उठाठेव नको असेल, तर व्हॉल्व्हची नक्कल करणारे डिजिटल ॲम्प आता खरंच चांगले आहेत. बॉसचा 'कटाना 50' अर्ध्या वॅटपर्यंत खाली आणता येतो. त्यात कमीपणा मानू नका. फक्त फाटलेली गिटार लग्नाच्या साऊंड सिस्टीमला थेट जोडू नका. गिटारचा स्पीकर साधारण 5000 हर्ट्झच्या वरचं गाळून टाकतो, भोंगा ते गाळत नाही. मग कानात माशी घोंगावते.

दुकानात जाताना स्वतःची गिटार न्या. ॲम्प फाटण्याच्या काठावर आणून ठेवा. मग एकच स्वर हळू वाजवा, जोरात वाजवा, गिटारचं बटण कमी करून पुन्हा वाजवा. तीन वेळा तीन वेगळे स्वभाव ऐकू आले, तर घ्या. एकच ऐकू आला, तर कितीही वॅट असोत, परत ठेवा.

त्या मुलाला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "मग सर, उरलेल्या पैशांचं काय?" म्हटलं, "शिकवणी लाव. आवाज ॲम्पच्या तोंडून येणार असला, तरी बोलायचं तुलाच आहे."