हेसचा हिशेब

पाण्यावर चालणाऱ्या गाडीची बातमी दर दोन-चार वर्षांनी येतेच. गाव बदलतं, संशोधकाचं नाव बदलतं, दावा मात्र तोच. टाकीत पाणी भरायचं, बॅटरीच्या विजेने त्यातला हायड्रोजन सुटा करायचा, तो जाळून इंजिन चालवायचं आणि त्याच इंजिनावर बॅटरी पुन्हा चार्ज करायची. अशी बातमी वाचली की मला जर्मेन हेस आठवतो. पाठ्यपुस्तकं त्याला दोन ओळींत उरकतात, याची हळहळ वाटते.

हेस जन्माने जिनिव्हाचा, पण वाढला रशियात. वैद्यक शिकला, सायबेरियातल्या इर्कुत्स्कला काही काळ डॉक्टरकी केली आणि पुढे सेंट पीटर्सबर्गला रसायनशास्त्रात रमला. १८४० साली त्याने एक नियम मांडला. त्यामागचा प्रयोग फार देखणा आहे. सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळलं की भांडं चांगलंच तापतं. हेसने आम्लाच्या एका नमुन्यात थोडं पाणी घेतलं, दुसऱ्यात जास्त, तिसऱ्यात आणखी जास्त, आणि दर वेळी निघालेली उष्णता मोजली. मग प्रत्येक नमुना अमोनियाच्या द्रावणाने उदासीन केला आणि तीही उष्णता मोजली. आधी जास्त पाणी प्यायलेल्या आम्लाने आता कमी उष्णता दिली, कमी पाणी प्यायलेल्याने जास्त. पण दोन्ही आकड्यांची बेरीज दर वेळी जवळपास तेवढीच!

पुण्याहून सिंहगडावर पुणे दरवाजाने जा किंवा कल्याण दरवाजाने. वाट लांब-आखूड होईल, पण पुणं आणि गडमाथा यांच्या उंचीतला फरक तोच राहणार. रासायनिक अभिक्रियेतली उष्णताही अशीच फक्त सुरुवात आणि शेवट पाहते. आणि हे हेसने सांगितलं तेव्हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम प्रस्थापित व्हायचा होता. मायरचा लेख १८४२चा, जूलचा १८४३चा, हेल्महोल्ट्झचा १८४७चा. या तिघांच्या पंगतीत हेसचं पान का मांडलं जात नाही, हे मला खरंच कळत नाही.

आता पाण्याकडे वळू. ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’ असा समज शिकल्यासवरलेल्यांतही पक्का आहे. खरं तर बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते. ती मिळते नवा बंध जुळताना. एक मोल हायड्रोजन आणि अर्धा मोल ऑक्सिजन यांचे बंध तोडायला सुमारे ६८५ किलोज्यूल लागतात. त्यातून पाण्याची वाफ बनताना सुमारे ९२७ किलोज्यूल मिळतात. वरचे २४२ आपल्या हाती. वाफेचं पाणी झालं की आणखी ४४, म्हणजे एकूण २८६. त्याच पाण्यापासून पुन्हा हायड्रोजन आणि ऑक्सिजन करायचे तर हे २८६ जसेच्या तसे परत मोजावे लागतात. उत्प्रेरक वापरा, वेगळी तार गुंडाळा, फरक पडत नाही. पाण्यावरच्या गाडीला गडावर जाताना उतार हवा आहे आणि येतानाही उतारच!

हरित हायड्रोजनच्या बातम्याही हाच हिशेब समोर ठेवून वाचायला हव्यात. केंद्र सरकारने जानेवारी २०२३मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय अभियानाचं लक्ष्य २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे. एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला हेसच्या हिशेबाने सुमारे ३९ युनिट ऊर्जा लागते. प्रत्यक्षात यंत्रं ५०च्या आसपास वीज खातात. तोच हायड्रोजन इंधन-घटात घालून वीज केली तर १५ ते २० युनिट हाती येतात. खतासाठी अमोनिया करायला किंवा लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला हा व्यवहार पटतो, कारण तिथे हायड्रोजन हा पदार्थच हवा असतो. साध्या मोटारीसाठी मात्र तीच वीज थेट बॅटरीत भरलेली बरी.