मिठाला पाणी सुटतं. मिठाच्याच जातीचं नवीन सोलर पॅनेल कोकणात टिकेल का?

पूर्णगड (ता. रत्नागिरी) : जुलै महिन्यात पूर्णगडमधल्या कुठल्याही घरात मिठाची बरणी उघडून बघा. जाड्या मिठाला पाणी सुटलेलं असतं. कुणी त्यात तांदळाचे दाणे टाकतं, कुणी बरणी चुलीच्या उबेला ठेवतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मुचकुंदीची खाडी, हवेतला दमटपणा मीठ ओढून घेणारच.

ही रोजची गोष्ट लक्षात ठेवली तर सध्या सोलरच्या बातम्यांत सारखं येणारं 'पेरोव्स्काईट' हे नाव समजायला सोपं जातं. तीस टक्के कार्यक्षमतेचं पॅनेल येतंय, स्वस्त होणार, असं मोबाईलवर वाचून छपरावर आत्ताच सोलर बसवायचं की थांबायचं, असा विचार बऱ्याच घरांत होतो. त्याचं उत्तर या पदार्थाच्या जातीत आहे. आणि जात मिठाची आहे.

क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, फ्लोरीन ही एका घराण्यातली भावंडं. यातल्या एकाची एखाद्या धातूशी गाठ पडली की जो क्षार तयार होतो त्याला त्या धातूचा हॅलाइड म्हणतात. सोडियम धातू आणि क्लोरीन मिळून आपलं मीठ. आंब्याला घालतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, तेही हॅलाइडच. जाड्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराईड राहिलेलं असतं आणि पाणी ओढण्यात ते मिठाच्याही पुढे, म्हणून बरणी एवढी ओली होते. रोलच्या जुन्या कॅमेऱ्यातल्या फिल्मवर चांदीचा हॅलाइड असायचा. उजेड लागला की त्याच्यात बदल व्हायचा आणि फोटो उमटायचा. रात्रीच्या क्रिकेट स्पर्धांना एलईडी यायच्या आधी जे मोठे पांढरे फोकस लावत, त्या मेटल हॅलाइड दिव्यांतही हेच क्षार.

पेरोव्स्काईट पॅनेलमधला क्षार शिसं आणि आयोडीन यांचा आहे, जोडीला एक तिसरा घटक. नाव मात्र उसनं आहे. १८३९ साली रशियातल्या उरल डोंगरात एक खनिज सापडलं, त्याला पेरोव्स्की नावाच्या रशियन गृहस्थाचं नाव दिलं. त्या दगडात ना शिसं ना आयोडीन, पण त्याच्यातल्या अणूंची जशी मांडणी आहे तशीच या क्षारात असते, एवढंच नातं.

मीठ पांढरं, कारण दिसणारा उजेड ते शोषतच नाही. शिसं-क्लोरीनवाला पेरोव्स्काईटही बिनरंगी असतो. क्लोरीनच्या जागी ब्रोमीन घातलं की तो नारिंगी होतो, आयोडीन घातलं की काळा. काळा म्हणजे जवळजवळ सगळा उजेड पिऊन टाकणारा, आणि सोलरला तेच हवं असतं.

आजचं पॅनेल सिलिकॉनचं. वाळूतून काढलेलं सिलिकॉन १४१४ अंशाला वितळतं, ते अतिशय शुद्ध करावं लागतं, मग त्याच्या चकत्या कापायच्या. वीज आणि पैसा दोन्ही खाणारं काम. हा नवा क्षार द्रावणात विरघळतो, रंगासारखा काचेवर पसरता येतो आणि साधारण शंभर अंशाच्या उष्णतेत, म्हणजे पाणी उकळतं तेवढ्यात, त्याचे स्फटिक तयार होतात. थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. सिलिकॉनची चकती याच्या तीनशे पट जाड. दुसरं म्हणजे स्फटिकात थोडे दोष राहिले तरी हा पदार्थ वीज बरी देतो. सिलिकॉनला असली खोट चालत नाही. जगभरचे शास्त्रज्ञ याच्यामागे लागले ते यासाठी.

सुरुवात मात्र गमतीशीर झाली. २००९ मध्ये जपानमधल्या मियासाका यांच्या प्रयोगशाळेने पहिला सेल केला तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती, म्हणजे पडलेल्या उन्हातल्या शंभर भागांतले चार भागसुद्धा वीज झाले नाहीत. सेलमध्ये द्रव भरलेला होता आणि क्षार त्या द्रवातच विरघळून काही मिनिटांत सेल संपायचा. २०१२ मध्ये दक्षिण कोरिया आणि ऑक्सफर्डच्या गटांनी द्रव काढून घट्ट थर वापरला आणि आकडा दहाच्या जवळ गेला. आज एकट्या पेरोव्स्काईटचे प्रयोगशाळेतले सेल २६ टक्क्यांच्या वर गेले आहेत. सिलिकॉनला इथपर्यंत यायला काही दशकं लागली होती.

पण बातम्यांतला तीसचा आकडा एकट्याचा नाही, जोडीचा आहे. उन्हाचे कण सगळे सारखे नसतात. निळ्या उजेडाच्या कणात ताकद जास्त, लाल आणि त्यापलीकडच्या न दिसणाऱ्या उजेडात कमी. सिलिकॉन दोघांनाही एकच भाव देतं, वरची ताकद उष्णता होऊन वाया जाते. सुरमई बांगड्याच्या भावाने विकावी तसा प्रकार. मग वर पेरोव्स्काईटचा थर आणि खाली सिलिकॉन ठेवायचं. मोठ्या आसाचं जाळं वर, बारीक आसाचं खाली. मोठी मासळी वर अडकते, तिला तिचा भाव मिळतो. लहान आरपार जाऊन खालच्या जाळ्यात. आणि ब्रोमीन-आयोडीनचं प्रमाण बदललं की वरच्या जाळ्याचा आस हवा तेवढा करता येतो. सिलिकॉनचा आस कायमचा ठरलेला.

हे काम आपल्या राज्यातही चालू आहे. पवईच्या आयआयटीत २०१० पासून सौरविजेच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या पैशावर चालणारं. तिथले प्राध्यापक दिनेश काब्रा यांच्या गटाने अशी जोडी करून सुमारे ३० टक्क्यांपर्यंत मजल मारली. वरच्या आणि खालच्या सेलच्या तारा त्यांनी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत, त्यामुळे एकाने कमी वीज दिली तरी दुसरा अडत नाही. तिथूनच निघालेली एआरटी-पीव्ही इंडिया ही कंपनी हे तंत्र कारखान्यापर्यंत न्यायच्या खटपटीत आहे.

इथे एक फरक ध्यानात ठेवावा. प्रयोगशाळेतला सेल बहुतेक वेळा नखाएवढा असतो, छपरावरचं पॅनेल दोन-अडीच चौरस मीटरचं. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने २०२४ मध्ये अशी जोडीची पॅनेल पहिल्यांदा अमेरिकेतल्या ग्राहकाला पाठवली, त्यांची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. साधं चांगलं सिलिकॉन पॅनेल आज २० ते २२ टक्के देतं. फरक आहे, पण मोबाईलवर वाटतो तेवढा नाही.

आता पुन्हा मिठाच्या बरणीकडे. जो क्षार सहज विरघळतो म्हणून स्वस्तात पसरता येतो, तोच क्षार ओल लागली की सुटतो. काळा थर हळूहळू पिवळा पडतो. पिवळं उरतं ते शिशाचं आयोडाईड, त्यातून कामाची वीज मिळत नाही. याशिवाय आतलं आयोडीन जागेवर बसत नाही, उन्हात आणि विजेच्या ओढीने सरकत राहतं. ब्रोमीन-आयोडीनच्या मिश्रणात तर उजेडाखाली दोघं वेगळे व्हायला बघतात, म्हणजे जाळ्याचा आसच बिघडतो. सगळीकडचं संशोधन सध्या इथे अडलंय: कडा कशा बंद करायच्या, ओल कशी थोपवायची, आयोडीन कसं बांधून ठेवायचं. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले महिने हवा खारी. ज्या पॅनेलला २५ वर्षं छपरावर काढायची आहेत त्याची इथे जेवढी परीक्षा होईल तेवढी कोरड्या मुलखात होणार नाही.

शिशाचाही प्रश्न आहे. एका चौरस मीटरच्या थरात ते जेमतेम एक ग्रॅमच्या आत असतं. जाळ्याला बांधायच्या शिशाच्या एका गोळीतही त्याहून जास्त भरतं. पण गोळीतलं शिसं धातूच्या रूपात असतं, पाण्यात फारसं उतरत नाही. क्षारातलं शिसं पाण्यात उतरतं. वादळात काच फुटली आणि पागोळीचं पाणी विहिरीकडे गेलं तर काय, हे विचारलं पाहिजे. फुटलं तरी शिसं धरून ठेवतील असे थर करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

मग थांबायचं का? पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे. तीत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान ठरलेलं आहे. ते आजच्या सिलिकॉन पॅनेलवर मिळतं. जास्त कार्यक्षमतेचा मोठा फायदा जागा वाचण्यात असतो. मुंबईच्या इमारतीत गच्ची अपुरी पडते, तिथे तीस टक्क्यांना किंमत आहे. गावात तीन किलोवॅटला लागणारी तीनशेएक चौरस फूट जागा बहुतेक घरांच्या छपरावर निघते, झाडाची सावली तेवढी बघायची. बोटीवर मात्र जागा थोडी, तिथे नवीन पॅनेल खरोखर उपयोगी पडेल. पण त्याला खारं पाणी रोज तोंडावर घ्यावं लागेल.

तोपर्यंत 'नवीन टेक्नॉलॉजीचं पेरोव्स्काईट' म्हणून कुणी दारात आलं तर पैसे द्यायच्या आधी पॅनेलच्या मागचा स्टिकर आणि चाचणीचे कागद मागावेत. आयएस १४२८६ या प्रमाणपत्राच्या चाचण्यांत पॅनेल ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के दमटपणात १००० तास, म्हणजे जवळपास ४२ दिवस ठेवतात. खाऱ्या हवेची चाचणी वेगळी असते, तिचा क्रमांक आयईसी ६१७०१. किनाऱ्यावरच्या माणसाने साधं सिलिकॉन पॅनेल घेतानाही ती विचारावी. आणि खालच्या लोखंडी सांगाड्याला गॅल्व्हनायझिंग नीट आहे का तेही बघावं, कारण खारी हवा काचेच्या आधी लोखंड खाते, आणि तिथेही काम करतो तो मिठातला क्लोराईडच.