गोमाशीचे दप्तर

बीदर-कलबुर्गीकडे पावसाळ्यात देवणी गाईच्या पोटाला डसणारी गोमाशी नेमकी कोणत्या जातीची, या प्रश्नाचा अंतिम निवाडा कोलकात्याच्या किंवा लंडनच्या संग्रहालयातील पेटीत होतो. कारण ज्या नमुन्यावरून जातीचे प्रथम वर्णन झाले, तो प्ररूप नमुनाच त्या नावाचा कायम दाखला ठरतो. टाचणीला खोवलेली माशी, तिच्याखाली स्थळ, तारीख व संग्राहकाचे नाव सांगणाऱ्या इवल्या चिठ्ठ्या, त्यांवरील फिकट शाईचा मजकूर सूचीकार अक्षरशः उतरवून घेतो आणि तुटलेल्या शृंगिकेचीही इमानाने नोंद करतो. गर्ट्रूड रिकार्डो यांनी १९११ साली टॅबॅनस या गोमाश्यांच्या प्रजातीतील पौर्वात्य जातींचा फेरआढावा घेतला, त्याची पडताळणीही अशाच नमुन्यांवरून करावी लागते. हे काम मला फार मोलाचे वाटते, कारण माशीची ओळख रोगाशीही जोडलेली आहे. डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स यांना १८८० साली आढळलेले सर्रा रोगाचे परजीवी याच माश्या जनावरांत पसरवतात.