मागच्या बाकावरची मोटर

साठ मुलांच्या वर्गात विजेची मोटर फिरवून दाखवायची म्हटले तर काय होते? टेबलाभोवती गर्दी होते. पुढच्या आठ-दहा जणांना काहीतरी दिसते. मागची मुले टाचा उंचावून एकमेकांची डोकी पाहत राहतात.

अशा वेळी छोटीशी चित्रफीत किती उपयोगी पडते, हे अरविंद गुप्ता यांनी दाखवून दिले. पुण्याच्या ‘आयुका’मधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत असताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या असंख्य फिती तयार केल्या. त्या मराठीसह अनेक भाषांत आहेत. बऱ्याच फितींत दिसतात ते फक्त हात आणि वस्तू. एक-दोन मिनिटांत खेळ संपतो. गुप्ता यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

त्यांची मोटरच घ्या ना! टॉर्चचा सेल, दोन सेफ्टीपिना, एक लोहचुंबक, सायकलच्या ट्यूबचा रबर आणि लेप दिलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे. सगळी गोम आहे तारेची टोके खरवडण्यात. एका टोकाचा लेप चारही बाजूंनी काढायचा, दुसऱ्याचा मात्र तीनच बाजूंनी. फळ्यावर हे कितीही सुबक काढले तरी कळत नाही. फितीत ब्लेडखालची तार बोटाएवढी दिसते.

इथेच फीत थांबवावी आणि विचारावे, “चौथी बाजू का ठेवली?” मुलांना तर्क लढवू द्यावेत. सगळा लेप काढला, तर अर्ध्या फेरीत पुढे ढकलणारे बल उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे ओढते आणि वेटोळे जागीच थरथरते. उरलेला लेप नेमका त्या वेळी प्रवाह तोडतो. वेटोळे आपल्या वेगाने पुढे सरकते.

२०२० साली शाळा बंद असताना पाऊण-पाऊण तासाचे धडे मुलांनी मोबाइलवर पाहिले. घरोघरच्या आयांना विचारा, मुले किती वेळ जागी होती!

अशी फीत कोणत्याही शिक्षिकेला करता येते. पुस्तकांच्या उंच थप्पीवर मोबाइल आडवा ठेवावा, भिंग थप्पीबाहेर येईल असा. वरून एका पुस्तकाचे वजन द्यावे. खिडकीजवळ बसावे, पंखा बंद करावा, नाहीतर आवाजात नुसती घरघर येते. बोलावे आपल्या नेहमीच्या भाषेत. पडदा नसला तर पाच-पाच मुलांच्या गटात मोबाइल फिरवावा. इंटरनेटही लागत नाही.

मग मोबाइल बाजूला ठेवून प्रत्येक गटाला सामान द्यावे. पहिल्या फटक्यात मोटर फिरत नाहीच. कुणाची तार वाकडी, कुणाचा लेप अर्धवट निघालेला. ‘ते खरवडायचं पुन्हा दाखवा ना, बाई,’ अशी मागणी आली की फीत परत लावावी. आणि हो, वेटोळे अडकून थांबले तर लगेच उचलायला सांगावे, सेल चांगलाच तापतो.