बोटांतून झिरपणारा उजेड

एका हातात दिवा आणि ज्योतीला वारा लागू नये म्हणून आडवा धरलेला दुसरा हात. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. १९४५-४६च्या सुमारास ते रंगवताना त्यांची मुलगी गीता समोर उभी राहिली होती. पुष्कळदा ते राजा रविवर्म्याच्या नावावर सांगितलं जातं. हळदणकरांवर हा अन्यायच आहे.

चित्रातली आशा दिव्यात आहे असं पटकन वाटतं. मला ती आडव्या हातात दिसते. ज्योत झाकलेली आहे. डोळ्यांत भरतो तो चेहऱ्यावरचा उजेड आणि बोटांना आलेली लाली.

ही लाली कल्पनेतली नाही. रात्री लाइट गेली की मोबाइलच्या टॉर्चवर बोटं दाबून धरून बघा. टॉर्च पांढरीशुभ्र, बोटं लालभडक. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतं. साधारण ६०० नॅनोमीटरच्या पुढचा लाल प्रकाश बराचसा निसटतो. तोही सरळ जात नाही. पेशींवर, तंतूंवर आदळत, वळणं घेत बाहेर पडतो. म्हणून आत हाड असूनही त्याची सावली उमटत नाही, अख्खं बोट उजळतं. करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर याच गुणावर चालतो: ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त लाल प्रकाश कमीजास्त शोषतं.

तेलाच्या ज्योतीत निळा प्रकाश मुळातच थोडा, त्यामुळे रंग आणखी तांबूस होतो. जलरंगात हे साधणं महाकठीण. उजळ जागी कागदच राखून ठेवायचा. तिथे गडद रंग पसरला की मागे फिरणं अवघड.

हळदणकरांसमोर निदान दुसऱ्याचा, स्थिर हात होता. स्वतःचंच चित्र काढणाऱ्याची पंचाईत अशी, की आरशात उजवा हात डावा दिसतो आणि रंगवणारा हात सतत हलत असतो. लंडनच्या केनवुड हाउसमध्ये रेम्ब्रांचं १६६५ ते १६६९च्या दरम्यानचं आत्मचित्र आहे. त्याच्या एक्स-रेमध्ये दिसलं, की आधी त्याने आरशातल्यासारखा उलट्या हातात ब्रश रंगवला होता आणि नंतर तो बदलला. आज त्या चित्रात चेहरा बारकाईने रंगवलेला दिसतो. हात मात्र चार झपाट्याच्या फटकाऱ्यांत. मला तो अपुरा वाटत नाही. रंगवताना तो हात हलतच होता, आणि रेम्ब्रांने तो तसाच राहू दिला.