जॉन हेन्री कोण होता?

आमच्या अभ्यासवर्गात अमेरिकेतील काळ्या माणसांच्या साहित्यावर बोलत असताना मी जॉन हेन्रीच्या गाण्याची गोष्ट सांगितली. गोष्ट संपल्यावर मागे बसलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हा माणूस खरोखर होऊन गेला काय?" मला सरळ उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नामुळेच लिहीत आहे.

१९७२ साली दलित पँथरने आपले नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हापासून काळ्यांच्या कविता, आत्मकथने आपण आस्थेने वाचत आलो. पण छापलेले शब्द हाती येण्याआधी त्या माणसांनी जे गाऊन ठेवले, तिकडे आपले लक्ष कमी गेले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कथागीतांची मोठी परंपरा आहे. खून, फाशी, पूर, रेल्वेचे अपघात असे त्यांचे विषय. ही गाणी घटना सांगतात, पण मोक्याचा एखादा दुवा मोकळाच सोडतात. ऐकणारा तो दुवा पिढ्यान्‌पिढ्या शोधत राहतो. त्यांचे आकर्षण ओसरत नाही त्याचे एक कारण हे आहे.

जॉन हेन्रीची गोष्ट अशी. तो रेल्वेच्या बोगद्यावर घण मारणारा काळा मजूर. एक जण पोलादी पहार धरून फिरवी, दुसरा तिच्यावर घण मारी. अशा रीतीने खडकात भोक पाडून त्यात सुरुंगाची दारू ठासायची. पुढे वाफेवर चालणारे यंत्र आले. जॉन हेन्रीने यंत्राशी पैज लावली, तो जिंकला आणि घण हातात असतानाच मेला. गाण्याचा ठेकाही घणाचाच. सगळ्यांचे हात एका लयीत पडावेत, कुणी दमाबाहेर राबू नये, म्हणून अशी गाणी कामावरच म्हटली जात.

पण हे घडले कुठे? वेस्ट व्हर्जिनियात टॅल्कॉट गावाजवळ बिग बेंड नावाचा बोगदा आहे. चेसापीक अँड ओहायो रेल्वेने तो १८७०च्या सुमारास खोदायला घेतला. गाय जॉन्सन यांनी १९२९ साली आणि लुई चॅपेल यांनी १९३३ साली या गाण्यावर ग्रंथ लिहिले. दोघांनीही तेथील जुन्या माणसांच्या साक्षी गोळा केल्या. कुणी म्हणाले पैज लागली होती, कुणी म्हणाले तसे काही घडलेच नाही. दुसरे संशोधक ही घटना १८८७ सालच्या अलाबामातली मानतात.

२००६ साली स्कॉट नेल्सन या इतिहासकाराने वेगळीच वाट धरली. त्याने व्हर्जिनियाच्या तुरुंगाची नोंदवही उघडली. तीत जॉन विल्यम हेन्री हे नाव होते. न्यू जर्सीचा, वय १९, उंची पाच फूट एक इंचाहून किंचित जास्त. १८६६ साली चोरीच्या आरोपावरून दहा वर्षांची शिक्षा. पुढे तुरुंगाने त्याला इतर कैद्यांबरोबर रेल्वेच्या कामावर भाड्याने दिले. त्यानंतर नोंदीतून तो नाहीसा होतो. सुटला, माफी मिळाली की मेला, काहीच लिहिलेले नाही.

येथे थोडे थांबले पाहिजे. १८६५ साली अमेरिकेच्या घटनेतील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली; पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम करवून घेण्याची मुभा ठेवली. ह्या एका फटीतून जुने मळेवाले आणि नवे रेल्वेवाले दोघेही आत शिरले. क्षुल्लक चोरीला लांबलचक शिक्षा आणि शिक्षा झाली की माणूस भाड्याने! खडक फोडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात साचे आणि सिलिकोसिसने धडधाकट माणूस खोकून खोकून मरे. नेल्सनच्या मते जॉन हेन्रीचा जीव पैजेने नव्हे, या धुळीने घेतला असावा.

गाण्याच्या काही पाठांत त्याला एका पांढऱ्या घराजवळ वाळूत पुरल्याचा उल्लेख येतो. रिचमंड शहरातील त्या तुरुंगाच्या आवारात, रेल्वे रुळांजवळ, पांढरी इमारत होती. १९९२ साली तेथे खोदकाम झाले तेव्हा सुमारे तीनशे सांगाडे निघाले. त्यांत तो असेलच असे सिद्ध झालेले नाही आणि नेल्सनचे म्हणणे सर्वांना मान्यही नाही. पण त्या तीनशे माणसांची आठवण सरकारी कागदाने ठेवली नव्हती, एवढे तर उघड आहे.

नेल्सनच्या नोंदवहीतला हेन्री १८७३च्या सुमारास दिसेनासा होतो. त्याच १८७३ साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि काळ्यांच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. जोतीरावांची कृतज्ञता खरी होती. परंतु त्याच वेळी कायद्याने मुक्त झालेला माणूस तुरुंगाच्या दारातून पुन्हा साखळदंडात जात होता, ही बातमी पुण्यापर्यंत कशी पोहोचावी? ती त्या देशातल्या प्रतिष्ठितांच्या कागदातही धड आली नाही. जे काही उरले ते गाण्यात.

म्हणून या गाण्यातील गूढ मला कवीची करामत वाटत नाही. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी जागा कोरी ठेवली, आणि ज्यांच्या हाती घण होता त्यांनी ती कोरी जागा गाऊन दाखवली. नाव लक्षात ठेवले, मरण लक्षात ठेवले, पुरल्याची जागासुद्धा सांगितली. पुरावा नव्हता, पण प्रश्न त्यांनी मरू दिला नाही. गाणे म्हणजे इतिहास नव्हे, हे खरे. पण इतिहासाने कोणते दप्तर उघडावे, हे गाण्याने सांगितले.

त्या विद्यार्थ्याला मी आता एवढेच सांगेन: जॉन हेन्री नावाचा एकच माणूस होता की नाही, याचा निकाल लागलेला नाही, त्याच्यासारखे मेलेले मात्र शेकडो होते. आणि आपल्या वस्तीत खडी फोडताना, रस्ता खोदताना, जात्यावर बसताना म्हटलेली गाणी ज्यांना अजून येतात, त्यांच्यापाशी वही घेऊन बस. गाणे लिहून घे. कोणी म्हटले, कोणत्या कामावर म्हटले, त्यात कोणाचे नाव आले, तेही लिही. मग ते नाव घेऊन कचेरीत जा आणि दप्तर उघडायला लाव.