बंद दारामागचा रुग्ण

संसर्गजन्य रोगाचा रुग्ण इतरांपासून वेगळा ठेवावा, हे आपण मुलांना शिकवतो आणि ते योग्यच आहे. त्यामुळे इतर रुग्ण वाचतात. पण त्या वेगळ्या खोलीतील रुग्णाचे काय होते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

अशा खोलीत शिरण्यापूर्वी परिचारिकेला हात धुऊन झगा व हातमोजे घालावे लागतात. बाहेर पडताना ते उतरवून पुन्हा हात धुवावे लागतात. प्रत्येक वेळी काही मिनिटे जातात. साहजिकच कामाच्या गर्दीत फेऱ्या कमी होतात.

याचे परिणाम मोजण्याचा एक प्रयत्न टोरांटो आणि बोस्टन येथील रुग्णालयांत झाला. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूमुळे विलग ठेवलेल्या १५० रुग्णांची तुलना विलग नसलेल्या ३०० रुग्णांशी केली गेली. जो रुग्ण जास्त दिवस राहतो त्याला इजा होण्याची संधीही जास्त, म्हणून मोजणी रुग्णांमागे नव्हे, तर दर हजार रुग्णदिवसांमागे केली. (१० रुग्ण १०० दिवस राहिले की १००० रुग्णदिवस होतात.) विलग रुग्णांत उपचारकाळातील अपाय ३१ निघाले, इतरांत १५.

येथे चिकित्सक विद्यार्थी विचारील, ‘विलग रुग्ण मुळातच जास्त आजारी असतील तर?’ शंका रास्त आहे. म्हणून अपायांचे दोन भाग केलेले पाहा. काळजी घेऊनही टळले नसते असे अपाय विलग रुग्णांत ११, इतरांत १२. म्हणजे जवळजवळ सारखेच. टाळता आले असते असे अपाय मात्र २० आणि ३! पडणे, शय्याव्रण होणे, शरीरातील पाणी व क्षारांचे संतुलन बिघडणे अशा गोष्टी यात येतात. या साऱ्या वेळेवर पाहिल्या तर टळतात. नाडी, ताप, रक्तदाब यांच्या सांगितलेल्या नोंदी अपुऱ्या राहण्याचे प्रमाणही विलग रुग्णांत ५१ टक्के, तर इतरांत ३१ टक्के होते. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र निश्चित फरक आढळला नाही.

मग दोष झग्याचा आणि हातमोज्यांचा का? अमेरिकेतील २० अतिदक्षता विभागांत एक प्रयोग झाला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेथे काही विभागांत प्रत्येक रुग्णाजवळ जाताना झगा व हातमोजे सक्तीचे केले. फेऱ्या कमी झाल्या, पण अपाय वाढले नाहीत. अतिदक्षता विभागात यंत्रांची आणि माणसांची नजर अखंड असते, हे त्याचे एक कारण असू शकेल.

आपल्याकडे ही नजर बऱ्याच अंशी नातेवाइकांची असते. सलाईन संपत आले, रुग्णाला ग्लानी आली, हे उशाशी बसलेला माणूसच आधी सांगतो. २०२० साली कोविडच्या कक्षांत त्यालाही प्रवेश नव्हता, हे आपण अनुभवले आहे.

विलगीकरण सोडून द्यावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. दाराला काच, फेऱ्यांच्या ठरलेल्या वेळा, हाताशी घंटा, घरच्यांशी दूरध्वनी, पुरेशा परिचारिका असे साधे उपाय त्याच्या जोडीला हवेत. आपण रुग्णाला इतरांपासून वेगळे करतो ते सर्वांच्या हितासाठी. तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारीही आपल्या सर्वांवर येते.